नव्या वॉलेटची नाडी कशी तपासाल?

नागपूरची धंतोली म्हटली की आधी काय आठवतं? दवाखाने! मेहाडिया चौकाच्या आसपास नुसता फेरफटका मारा, डॉक्टरांच्या पाट्या वाचता वाचता मान दुखेल. आणि दवाखाने आले तिथे औषधांची दुकानं आलीच. अशा दुकानात उभ्या असलेल्या एखाद्या आजोबांकडे नीट बघा. बाटली हातात आली की ते काय करतात? चष्मा सारखा करतात, नाव वाचतात, झाकणाचं सील शाबूत आहे का बघतात, मुदत कधी संपते ती तारीख शोधतात आणि शेवटी डॉक्टरांच्या चिठ्ठीशी सगळं ताडून पाहतात. दुकानदार वीस वर्षांच्या ओळखीचा असला तरी!

आता त्यांच्याच नातवाकडे बघा. मोबाइलवर निरोप येतो, 'आमचं नवं क्रिप्टो वॉलेट उतरवून घ्या, ५०० नाणी फुकट!' दोन टिचक्यांत ॲप उतरतं. तिसऱ्या टिचकीला 'मान्य आहे'. ना नाव वाचलं, ना सील पाहिलं. काहून? तर पडद्यावर छान दिसलं म्हणून!

गंमत अशी, की क्रिप्टोच्या दुनियेत बहुतेक फसवणुकी याच एका वाक्यावर चालतात : 'पडद्यावर दिसलं म्हणून.' तेव्हा आज आपण नव्या वॉलेटची नाडीपरीक्षा शिकू. क्रिप्टोत पैसे घाला असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही, बरं का! ते ठरवणं मोठ्या माणसांचं काम. पण घरात कुणी नवं सॉफ्टवेअर वापरून पाहत असेल, तर ते कसं तपासायचं हे तुम्हाला ठाऊक हवं.

पाकीट आहे, पण नाणं नाही!

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची कल्पना मांडणारा लेख प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी ही यंत्रणा सुरू झाली. मुळात ही आहे एक भली मोठी हिशोबाची वही. कुणी कुणाला किती दिलं, ते तीत लिहिलेलं. ही वही एका बँकेत बंद नाही. तिच्या हजारो प्रती जगभरातल्या संगणकांवर आहेत आणि त्या सगळ्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. हिलाच ब्लॉकचेन म्हणतात.

मग वॉलेट म्हणजे काय? वॉलेट म्हणजे पाकीट, हे तुम्हाला माहीत आहे. पण या पाकिटात नाणं नसतंच! नाणी वहीत असतात. पाकिटात असते ती फक्त किल्ली.

उदाहरण घ्या. 'रामकृष्ण मठ, धंतोली, नागपूर ४४००१२' हा पत्ता कुणालाही सांगा. त्या पत्त्यावर पत्र कुणीही पाठवेल, पण म्हणून कुणी मठाचं कपाट उघडू शकणार नाही. त्यासाठी किल्ली लागेल. वॉलेटचंही तसंच. त्याचा एक पत्ता असतो, तो सर्वांना सांगता येतो. आणि एक गुप्त किल्ली असते, ती कुणालाही सांगायची नसते.

ही किल्ली माणसाला लिहून ठेवता यावी म्हणून बहुतेक वॉलेटं ती १२ किंवा २४ साध्या शब्दांत देतात. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. इंग्रजी यादी 'ॲबॅन्डन'पासून सुरू होते आणि 'झू'वर संपते. बारा शब्दांची किल्ली अंदाजाने शोधायची म्हटली, तर शक्यतांची संख्या ३९ आकडी होते! पण समजा, अकरा शब्द कुणाला कळले आणि फक्त शेवटचा राहिला, तर? तर त्याला जास्तीत जास्त २०४८ शब्द लावून पाहावे लागतील. संगणकाला ते काही क्षणांचं काम. म्हणून 'मी पूर्ण नाही दाखवले, थोडेच दाखवले' ही सबब इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट. बँकेत पासवर्ड विसरला तर शाखेत जाता येतं. इथे शाखा नाही, मॅनेजर नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं नाणं परत ओढून आणणारी खिडकीच नाही. म्हणून काळजी घ्यायची ती आधी.

तीन गावं, तीन पडदे

आपल्या महाराष्ट्रातल्याच तीन घटना पाहू.

पहिली नागपूरची. मार्च २०२२ मध्ये नागपूर पोलिसांनी 'इथर ट्रेड एशिया' नावाच्या योजनेच्या सूत्रधाराला लोणावळ्यातून पकडलं. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार २०१७ ते २०२१ या काळात दोन हजारांहून अधिक लोकांनी या योजनेत पैसे घातले आणि सुमारे ४० कोटी रुपयांची फसवणूक झाली. लोक इतकी वर्षं गप्प का बसले? कारण त्यांना एक वेबसाइट दाखवली जात होती आणि तिच्यावर त्यांची रक्कम वाढत असलेली दिसत होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते आकडे फेरफार करून वाढवलेले होते. पडद्यावरचा आकडा फुगत होता आणि खरा पैसा भलत्याच खात्यात जात होता!

दुसरी पुण्याची. 'गेनबिटकॉइन' ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. बिटकॉइन आमच्याकडे द्या, दरमहा १० टक्के प्रमाणे १८ महिने परतावा घ्या, असं तिचं आश्वासन. आता गणित करा. बँकेची मुदत ठेव वर्षभरात जेवढं व्याज देते, त्याहून जास्त हे एका महिन्यात देणार! पुढे बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचं घरचंच नाणं गुंतवणूकदारांच्या हाती ठेवलं गेलं. त्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने फारच कमी होती. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि सूत्रधाराला अटक झाली. खरी आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली! आरोप असा, की जप्त करायच्या वॉलेटमधली काही नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली आणि पोलिसांना फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिले. म्हणजे पडद्याच्या चित्रावर विश्वास ठेवून पोलीससुद्धा फसू शकतात.

तिसरी मुंबईची. 'वझीरएक्स' हा मुंबईतून चालणारा मोठा क्रिप्टो बाजार. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २००० कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. या वॉलेटला एक नव्हे, अनेक किल्ल्या होत्या. सहा सही करणारे, त्यातले पाच वझीरएक्सचे आणि एक दुसऱ्या कंपनीचा. चौघांच्या सह्या झाल्याशिवाय नाणं हलायचं नाही. तरीही चोरी झाली! वझीरएक्सने सांगितलं, की सही करताना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. त्या दुसऱ्या कंपनीने आपल्या यंत्रणेत बिघाड नसल्याचं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'बायबिट' या परदेशी बाजाराचे सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेही जवळपास याच युक्तीने.

पाहिलंत? नागपुरात पडद्यावरचा आकडा खोटा, पुण्यात पडद्याचं चित्र खोटं आणि मुंबईत पडदा एक दाखवतो तर सही होते दुसऱ्यावर. म्हणून नाडीपरीक्षेचा पहिला नियम पाठच करून टाका : पडदा म्हणतो ते दुसऱ्या वाटेने तपासल्याशिवाय खरं मानायचं नाही.

ॲपच नकली असलं तर?

आता तुम्ही म्हणाल, 'आम्ही कुठे कुणाच्या योजनेत पैसे घालतोय? आम्ही तर नुसतं सॉफ्टवेअर उतरवतोय!' पण सॉफ्टवेअरचीही नकली बाटली निघते.

डिसेंबर २०१८ मध्ये 'इलेक्ट्रम' हे जुनं, नावाजलेलं वॉलेट वापरणाऱ्यांना आपल्याच वॉलेटच्या चौकटीत एक सूचना दिसली : 'नवी आवृत्ती आली आहे, इथून उतरवा.' वॉलेट खरं, पण सूचना चोरांनी पाठवलेली! ज्यांनी ती 'नवी आवृत्ती' बसवली, त्यांची मिळून दोनशेहून अधिक बिटकॉइन गेली. २०२१ मध्ये 'ट्रेझर' या कंपनीच्या नावाचं नकली ॲप ॲपलच्या दुकानात सापडलं. त्यात आपले शब्द टाकणाऱ्या एका माणसाची १७ बिटकॉइन गेली. त्या वेळी ट्रेझरचं आयफोनसाठी ॲपच नव्हतं! नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दुकानात 'लेजर' कंपनीच्या नावाचं नकली ॲप निघालं. तिथेही हीच गत.

म्हणजे मोठ्या दुकानाच्या फळीवर मांडलंय म्हणून औषध खरं, असं इथे म्हणता येत नाही.

नाडीपरीक्षा : पाच पायऱ्या

१. सील पाहा. वॉलेट कुणी बनवलं, किती वर्षं चालू आहे, त्याची संगणकीय संहिता कुणालाही वाचता येते का, हे आधी शोधा. शोधयंत्रात वर दिसणारी जाहिरात दाबू नका, ती नकली दुकानाचीही असू शकते. बनवणाऱ्याच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथूनच पुढे जा. 'नवी आवृत्ती आली' असा निरोप आला तरी हेच करा. संगणकावर उतरवलेल्या फाइलचा 'ठसा'ही तपासता येतो. ठसा म्हणजे त्या फाइलपासून गणिताने काढलेली अक्षरं आणि आकड्यांची ओळ. एका प्रचलित पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइलमधलं एक अक्षर जरी कुणी बदललं तरी पूर्ण ठसा बदलतो. आपण काढलेला आणि बनवणाऱ्याने जाहीर केलेला ठसा जुळला नाही, तर फाइल खोडून टाका.

२. जुने शब्द नव्या बाटलीत घालू नका. घरात कुणाचं आधीचं वॉलेट असेल, तर त्याचे बारा शब्द नव्या ॲपमध्ये कधीही टाकायचे नाहीत. तपासणीसाठी नवीन कोरं वॉलेट तयार करायचं, शक्यतो वेगळ्या मोबाइलवर किंवा संगणकावर. शब्द कागदावर लिहायचे, त्यांचा फोटो काढायचा नाही. आणि लक्षात ठेवा, शब्द मागणारा 'मदतनीस' फोनवर आला तर तो चोरच!

३. खेळण्यातल्या नाण्यांनी खेळा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी बिटकॉइनचं 'टेस्टनेट' आणि इथिरियमचं 'सेपोलिया' अशी सरावाची जाळी असतात. तिथली नाणी फुकट मिळतात आणि त्यांची किंमत शून्य असते. जिथून ती मिळतात त्या जागेला 'फॉसेट', म्हणजे नळ म्हणतात! पाठवणं, घेणं, पत्ता वाचणं, सगळं इथे शिकता येतं. चुकलं तर काहीच जात नाही. ही सरावाची नाणी कुणी विकत देऊ लागला तर समजा, गडबड आहे.

४. पुसा आणि परत आणा. ही पायरी मोठी माणसंसुद्धा गाळतात. वॉलेटमध्ये काहीही ठेवण्याआधी ते काढून टाका आणि कागदावरच्या बारा शब्दांवरून पुन्हा उभं करा. आधीचाच पत्ता आला तर पास. नाही आला तर? शब्द चुकीचे लिहिले असतील किंवा वॉलेटमध्ये खोट असेल. काही ठेवण्याआधीच कळलं, हे बरंच झालं! ब्रिटनमधल्या न्यूपोर्ट शहरात २०१३ मध्ये एका माणसाची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं भांडला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला.

५. टेस्ट डोस द्या. पेनिसिलिनचं इंजेक्शन देण्याआधी नर्सताई कातडीखाली थेंबभर औषध टोचून थोडा वेळ वाट बघतात. मोठ्यांनी खरी नाणी वापरायची ठरवलीच, तर असंच करायचं. आधी अगदी छोटी रक्कम, तीही आत आणि बाहेर दोन्ही दिशांना. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात आणि त्यातल्या एका भागाला 'सातोशी' म्हणतात. तेव्हा छोटी रक्कम म्हणजे किती छोटी, हे तुम्हीच ठरवा! रक्कम पोचली का, हे त्याच ॲपला विचारू नका. ब्लॉकचेनची वही उघडपणे दाखवणाऱ्या साइट असतात. तिथे, दुसऱ्या यंत्रावरून, आपला पत्ता टाकून पाहा. पत्ता ताडताना पहिली आणि शेवटची चार अक्षरं पाहून थांबू नका. टोकं जुळणारे नकली पत्ते बनवणारे चोर आहेत. आणि सहीची चौकट आली की काय मंजूर करतोय ते वाचा. समजत नसेल तर सही नाही!

एक धोक्याची घंटा मात्र वाजवून ठेवतो. टेस्ट डोसने *सॉफ्टवेअर* तपासता येतं, *माणूस* नाही. फसव्या योजना पहिली छोटी रक्कम मुद्दाम परत देतात, म्हणजे तुम्ही दुसऱ्यांदा मोठी आणाल! 'मला तर मिळाले बाप्पा परत!' असं शेजारच्या काकांनी सांगितलं, म्हणून योजना खरी ठरत नाही.

करून पाहा : चिंचोक्यांचा खेळ

साहित्य : ५० चिंचोके, सहा वह्या, सहा भिडू.

पाच भिडूंना प्रत्येकी १० चिंचोके द्या. सहावा भिडू म्हणजे 'पडदा'. भिडूंनी एकमेकांना चिंचोके द्यायचे आणि प्रत्येक वेळी मोठ्याने सांगायचं : 'मी हिला तीन दिले.' सहाही जणांनी ते आपापल्या वहीत लिहायचं. दर पाच व्यवहारांनंतर 'पडदा' प्रत्येकाची शिल्लक जाहीर करेल. पण त्याला एखाद्याची शिल्लक खोटी सांगण्याची मुभा आहे.

पहिला डाव वही बंद ठेवून खेळा, 'पडद्या'चंच ऐकायचं. दुसरा डाव वही उघडून खेळा. कोणत्या डावात 'पडदा' किती वेळा पकडला गेला, ते मोजा. त्यानंतर आणखी एक गंमत करा. दोघांनी संगनमत करून आपल्या वहीत खोटी नोंद करायची. बाकीच्या चार वह्या त्यांना पकडतात की नाही, बघा. वहीच्या हजारो प्रती का ठेवायच्या, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

आई-बाबांसाठी दोन शब्द

आपल्याकडचे क्रिप्टो बाजार १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खातं उघडू देत नाहीत. पण नुसतं वॉलेटचं सॉफ्टवेअर कुणीही उतरवू शकतं, तिथे वय विचारणारं कुणी नसतं. म्हणून 'हात लावू नकोस' म्हणण्यापेक्षा मुलांसोबत बसून सरावाच्या जाळ्यावर पाचही पायऱ्या करून पाहणं बरं. ज्या मोबाइलमध्ये घरचं बँकेचं ॲप आहे, तो मात्र या प्रयोगाला देऊ नका.

भारतात क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यावरच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. कर आहे म्हणजे सरकारची हमी आहे, असा गैरसमज करून घेऊ नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, वॉलेटला तसलं काहीही नाही.

आणि फसवणूक झालीच तर? लाज वाटून गप्प बसू नका आणि मुलाने केलं असेल तर आधी रागावू नका. राग नंतरही करता येतो, वेळ मात्र परत येत नाही. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पैसे अजून बँकेच्या वाटेवर असतील, तर लवकर केलेल्या फोनमुळे ते गोठवता येण्याची शक्यता असते. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर काय गेलं, त्या नोंदी जपून ठेवा. मागाहून 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणारे भेटतील. ती दुसरी फसवणूक असते.

मुलांनो, पुढच्या वेळी कुणी मोबाइल पुढे करून 'हे बघ, किती वाढले!' म्हणालं, तर आकडा बघून डोळे विस्फारू नका. एवढंच विचारा : 'दादा, हे वहीत कुठे दिसतं? आणि यातले दहा रुपये आत्ता बाहेर काढून दाखवता का?'

उत्तराला जितका उशीर लागेल, तितके तुम्ही दोन पावलं मागे सरका!